भात्यामागचा पाहुणा

पाहुण्यानं दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला, सोडला, पुन्हा ओढला. समोरच्या फळीवर सुतळीला लटकलेला शिशाचा गोळा हळूहळू उतरत पेन्सिलीच्या खालच्या रेघेवर येऊन थांबला. म्हणजे ऑर्गनच्या भात्यात हवा पोटभर झाली. आता पलीकडे बसलेल्या, संगीत शिकवणाऱ्या बाईंनी पट्ट्यांवर बोटं टेकवायची, की चर्चभर सूर.

बाईंनी बोटं टेकवली. गाणं चांगलं झालं, पण बाईंना घरी दूध उतू जात असल्यासारखी घाई. शेवटचा स्वर त्यांनी चटकन सोडून दिला आणि पाहुणा आत दांडा ओढतच राहिला. बाईंच्या आधी ऑर्गन वाजवणारे मास्तर तो स्वर असा धरून ठेवायचे की मागच्या बाकावरची पोरं श्वास कोंडून निळी पडायची. एकदा म्हणे तो स्वर संपेस्तोवर एका म्हाताऱ्यानं बाहेर जाऊन दाढी करून घेतली होती. आता चर्चचे पाळक उभे राहिले, दोन वाक्यं बोलले, तरी मास्तरांच्या वाटणीची हवा भात्यात शिल्लकच. ती फुस्स करून कुठल्याशा फटीतून निघून गेली. पुढच्या बाकांवर खसखस पिकली. पाहुण्यानं नुसतीच ऐकली. त्याच्या जागेवरून दिसत काहीच नसे.

त्याची जागा म्हणजे ऑर्गनच्या पाठीमागची कोठडी. एक स्टूल, एक दांडा, एक बल्ब आणि बाजूच्या गल्लीत उघडणारं बुटकं दार. उपासनेच्या आधी यायचं, उपासना झाली की आलं तसंच बाहेर पडायचं. तेहतीस वर्षं त्यानं देवाचं वचन लाकडाच्या फळीतून ऐकलं होतं, आणि मंडळी त्याला खोकल्यावरून ठाऊक होती. एक खोकला फुटक्या माठासारखा. एक अडकलेल्या दारासारखा. आणि एक तर साक्षात रेल्वे; दुरून यायची, डबे मोजत जायची आणि स्टेशन गेलं तरी धडधड ऐकू यायची. हे खोकले कुणाचे, ते मास्तरांनाच माहीत. त्यांच्या डोक्यावर आरसा होता, त्यातून मागचे सगळे बाक दिसत. रविवारी घरी आल्यावर त्यांचा खेळ चालायचा.

"आज रेल्वे उशिरा आली," पाहुणा म्हणायचा.

"येणारच. मिशीला तेल लावत बसला होता," मास्तर सांगायचे. "सहा फूट पहिलवान गडी. मिशी एवढी की दारातून आडवा होऊन येतो."

पाहुण्याला ते खरं वाटायचं. मास्तरांचं त्याला सगळंच खरं वाटायचं.

तो आला होता दोन दिवसांसाठी. बॅगा-पट्टे दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान होतं दुसऱ्या गावी. भात्याचं चामडं फाटलं म्हणून मास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. चामड्याला ठिगळ लावून झालं. मास्तर आपल्या बहिणीला म्हणाले, "ताई, हे चामडं जरा मुरावं लागतं. तोवर पाहुणे वरच्या खोलीत राहतील." ताईंनी विचारलं, "किती दिवस?" मास्तर म्हणाले, "बघू." ते चामडं काही मुरलं नाही. पाहुण्यानं दुकान इकडेच हलवलं, केस पिकवले, दोन दात पाडले, तरी गावभर त्याचं नाव पाहुणाच राहिलं.

उपासना सुरू व्हायच्या आधी मास्तर ऑर्गनच्या फळीवर दोनदा टकटक करायचे आणि हळूच विचारायचे, "हवामान?"

आतून उत्तर जायचं, "स्वच्छ."

एकदाच ते उत्तर द्यायला त्याला जड गेलं होतं. जुने पाळक होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी त्या दिवशी वचन उघडलं आणि म्हणाले, जे पुरुष पुरुषाबरोबर नवरा-बायकोसारखे राहतात त्यांना या घरात जागा नाही. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती; इतके सगळे खोकले एका वेळी गप्प झालेले पाहुण्यानं त्याआधी कधी ऐकले नव्हते. मग फळीवर टकटक झाली. "हवामान?" पाहुणा दांड्याकडे बघत राहिला. नुसते हात मांडीवर ठेवले असते तरी पुरे होतं. पण पलीकडे मास्तर बोटं टेकवून बसले असतील, सूर निघाला नाही तर सगळ्यांसमोर त्यांचंच तोंड पडेल, असं मनात आलं, आणि त्यानं दांडा ओढला.

घरी आल्यावर मास्तर कोट न काढताच पलंगावर बसले. "तू हवा दिलीस म्हणून मी वाजवलं," ते म्हणाले. "दिली नसतीस तर उठून आलो असतो तुझ्याकडे."

"तू वाजवशील असं वाटलं म्हणून मी दिली," पाहुणा म्हणाला.

त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

मास्तर गेले त्याला आता आठ महिने झाले होते. त्यांच्या मातीच्या दिवशी ऑर्गन वाजायलाच हवा होता, आणि भाता मारणारा गावात दुसरा कुणी नव्हता. संगीताच्या बाईंनी तीन गाणी वाजवली. पाहुण्यानं तीन गाण्यांची हवा दिली. बुटक्या दारातून बाहेर येऊन चर्चला वळसा घालून तो पुढे पोचेस्तोवर शवपेटी निघून गेली होती. दारात फक्त चुरगळलेली फुलं आणि कुणाचा तरी एक हातमोजा.

आणि आता स्मरणाचा रविवार आठ दिवसांवर आला होता.

त्या चर्चची रीत अशी. वर्षभरात जे गेले त्यांची नावं पाळक वाचणार. एकेका नावाला त्याचं आपलं माणूस पुढे येणार, आणि पाळक नातं मोठ्यानं सांगणार, अमक्याची बायको, तमक्याचा मुलगा. ते माणूस मेणबत्ती लावणार, आणि वात पेटेपर्यंत ऑर्गननं एकच स्वर धरून ठेवायचा. कुणाला एका काडीत जमायचं, कुणाला चार लागायच्या. तेहतीस वर्षं त्या सगळ्यांना पुरेल एवढी हवा पाहुण्यानं दिली होती. कुठली विधवा किती काड्या मोडते हे सांगायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती.

उपासना संपल्यावर पाळक वाकून कोठडीत आले. हे नवे पाळक वयानं तरुण, स्वभावानं गोड. रागावायचं झालं तरी आधी माफी मागणारे.

"पाहुणेकाका, पुढच्या रविवारी जरा लवकर याल ना? नावं सोळा आहेत यंदा."

"येईन." पाहुण्यानं दांड्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती तिथे. "साहेब, मास्तरांसाठी कोण उभं राहणार?"

"ताई. चिठ्ठी दिलीय मी त्यांच्याकडे, भरून देतील."

"मी उभा राहिलो तर?"

पाळकांनी बुटक्या दाराकडे पाहिलं. त्यातून पटकन निघता येण्यासारखं नव्हतं.

"माझं म्हणाल तर काका, मला काहीच अडचण नाही. देवाचं दार सगळ्यांना उघडं आहे, मी हे नेहमीच सांगतो. पण मंडळीत काही लोक आहेत..."

"कोण?"

"असं एकाचं नाव नाही घेता येणार. एकूणच." मग त्यांना एकदम सुटका सापडली आणि चेहरा उजळला. "आणि काका, तुम्ही पुढे आलात तर भाता कोण मारणार? स्वर तर धरायलाच हवा."

"तेही खरंच," पाहुणा म्हणाला.

पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तिथेच ठेवून चार क्षण उभे राहिले आणि जाताना वरच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं.

घर जवळच होतं. खाली ताईंची खोली, तिला लागून मास्तरांची. वर जिना चढून पाहुण्याची. ताई चौऱ्याहत्तरच्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं विचारलं तर सांगायच्या की दोघं बघून गेले होते, एकाला घड्याळ कळत नव्हतं आणि दुसऱ्याला विनोद. पाहुण्याशी त्या तेहतीस वर्षं 'अहो-जाहो' करत आल्या होत्या. चहा द्यायच्या तोही बशीसकट, बाहेरच्या माणसाला देतात तसा.

मास्तर गेल्यापासून घरात दोनच माणसं, आणि दोघांचा मिळून दिवसभरात वीस शब्दांचा खर्च. पाहुणा दुकानातून यायचा, बॅगांच्या चेन दुरुस्त करून बोटं काळी झालेली असायची, ती धुवायचा आणि वर जायचा. मास्तरांच्या खोलीचं दार ताईंनी बंद केलं नव्हतं. त्यामुळे रोज त्यावरून नजर काढून घ्यावी लागे.

त्या दिवशी संध्याकाळी तो जिना उतरत होता. खालच्या खोलीत ताई टेबलाशी बसून होत्या, समोर पाळकांची चिठ्ठी, हातात पेन, पेनाचं टोपण दातात.

"पाहुणे," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही खालून तिसरी पायरी का गाळता?"

पाहुण्याचा एक पाय चौथ्या पायरीवर होता, दुसरा हवेत.

"वाजते ती."

"वाजू दे की. आता कुणाची झोप मोडणार आहे?"

त्यानं हवेतला पाय दुसऱ्या पायरीवर टेकवला आणि कठडा धरून तिथेच उभा राहिला.

"मी तशीही जागीच असायचे," ताई म्हणाल्या. "पायरी वाजली की समजायचं, मांजर आहे. वाजली नाही की पाहुणे उतरले."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती लांब जाईपर्यंत दोघांनी ऐकली.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," पाहुणा म्हणाला.

"तुम्ही दोघंही बोलला नाहीत. मग मी एकटीनं काय बोलायचं?" त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "तिघं एका घरात, आणि तेहतीस वर्षं एकमेकांची झोप सांभाळत बसलो. झोपलं मात्र कुणीच नाही."

तो पायरीवरच बसला, त्या न वाजवलेल्या तिसरीवर. ती अशी करकरली की ताईंनी भुवया वर केल्या.

"चांगली ठणठणीत आहे अजून," त्या म्हणाल्या. मग चिठ्ठीकडे बोट केलं. "यात नाव लिहायचं, उभं कोण राहणार ते लिहायचं आणि नातं लिहायचं."

"बहीण लिहा."

"तेवढं मला येतं." पण त्यांनी लिहिलं काहीच नाही. चिठ्ठीची घडी घातली आणि चष्म्याच्या घराखाली ठेवली. "मला एक सांगा, त्या कोठडीत बसून तुम्ही करता तरी काय इतकी वर्षं? दमायला होत असेल."

"दमायला काय व्हायचंय? ओढायचं, सोडायचं. जोर लावायचा नाही, झुलल्यासारखं करायचं. गोळ्यावर नजर ठेवायची."

"गोळ्यावर कशाला?"

"हवा सरली की गोळा वर चढतो. वरच्या रेघेपलीकडे गेला की सूर मान टाकतो."

"अगदी माझ्यासारखं," ताई म्हणाल्या. "चहा टाकते."

त्या दिवशी चहा बशीशिवाय आला. पाहुण्यानं ते पाहिलं, पण बशी फुटली असेल अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

स्मरणाच्या रविवारी तो सांगितल्याप्रमाणे लवकर आला. धुतलेला सदरा, मास्तरांचा राखाडी कोट. कोठडीत कोण बघणार होतं, पण घातला. बाह्या दांड्यात अडकतील म्हणून त्यानं त्या मुडपल्या, स्टुलावर बसला आणि फळीपलीकडे बाक भरायचे आवाज ऐकत राहिला. माठ आला. अडकलेलं दार आलं. दुरून रेल्वेची शिट्टी झाली.

आणि बुटकं दार उघडून ताई आत शिरल्या. अंगावर ठेवणीतले कपडे, पायात मात्र कॅनव्हासचे बूट.

"सरक जरा."

पाहुणा उठून उभा राहिला. "ताई, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? दांडा हाच ना?" त्यांनी तो खाली ओढून पाहिला. आत कुठेतरी भात्यानं जांभई दिली. "हं. धुणं पिळण्यापेक्षा बरं आहे."

"तुमचे गुडघे..."

"हे हातानं ओढतात. गुडघ्यांना कुणी विचारलंय?"

"आणि मंडळी?"

"मंडळी गाणार कशावर? हवा माझ्याकडे आहे. कुणी कुरकुरलं तर गाण्यासकट बंद पाडीन." त्यांनी पिशवीतून रुमाल काढून कपाळाला बांधला, लढाईला निघाल्यासारखा. "चिठ्ठी सकाळीच पाळकांच्या हातात दिलीय. वाचून दोन पेले पाणी प्यायले. तिसरा मीच ओतून दिला."

"काय लिहिलंत?"

"तुला वाचता येत नाही, ऐकता येतं. जाऊन ऐक." ताई स्टुलावर बसल्या. "पहिल्या बाकावर चष्म्याचं घर ठेवून जागा धरलीय तुझी. येताना ते घेऊन ये, माझं सारखं हरवतं."

पाहुणा दारापर्यंत गेला, परत आला. बाह्या खाली केल्या. ताईंनी त्याच्याकडे पाठ केली होती आणि गोळ्याकडे शत्रू पाहावा तशा पाहत होत्या.

तो चर्चला वळसा घालून मोठ्या दारानं आत आला. मधली वाट त्यानं कधी चालून पाहिली नव्हती. ती वाटायची त्यापेक्षा फार लांब निघाली. माना वळत होत्या. ऑर्गनपाशी पोचल्यावर त्यानं, का कोण जाणे, फळीवर दोनदा टकटक केली.

"हवामान?"

आतून ताईंचा आवाज, "कसलं हवामान? ...हं. ढगाळ आहे. चालेल."

संगीताच्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आतल्या आवाजाकडे पाहिलं आणि काही न विचारता पट्ट्यांवर हात ठेवले.

पहिल्या बाकावर चष्म्याचं घर होतं. ते उचलून तो त्या जागी बसला, दोन्ही मुठींत ते धरून. नावं सुरू झाली. बायको. मुलगा. आई, त्या वेळी कुणालाच वर बघवेना. प्रत्येक वातीला एक स्वर. ताईंचा स्वर मधेच खाली घसरायचा, मग दचकून वर यायचा, डुलकी लागलेल्या पहारेकऱ्यासारखा.

नववं नाव मास्तरांचं.

पाळकांनी ते वाचलं. मग हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिले. इतका वेळ की आत गोळा वरच्या रेघेकडे निघालेला पाहुण्याला बाकावरून कळला. पाळकांनी पेल्याकडे हात नेला, पेला रिकामा होता. त्यांनी मान वर केली आणि पाहुण्याकडे पाहिलं, त्या दिवशी कोठडीत पाहिलं नव्हतं तसं, सरळ.

"त्यांच्यासाठी," ते म्हणाले, आणि आवाज साफ करून पुन्हा म्हणाले, "त्यांच्यासाठी, घरचे."

मागच्या बाजूला दोन जोडे उठले आणि फरशीवर वाजत बाहेर गेले. दार लागलं. बाकी खोकले गप्प होते. हे गप्प होणं त्याच्या ओळखीचं होतं. फळी मधे नसताना ते तो पहिल्यांदाच ऐकत होता.

तो उठला. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि त्याच्याच श्वासानं विझली. स्वर सुरू झाला होता, आणि आता मान टाकायला लागला होता. आत ताई दमल्या होत्या. पाहुण्याचा उजवा खांदा आपोआप खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला, झुलल्यासारखा, हातात काडी तशीच. आणि फळीपलीकडून, त्या खांद्याच्या मागोमाग, स्वर वर उचलला गेला आणि थांबून राहिला. तिसऱ्या काडीला वात पेटली. बाईंना आज घाई नव्हती. त्यांनी स्वर धरून ठेवला, इतका की एखाद्याची दाढी करून झाली असती.

तो परत येऊन बसला. चष्म्याचं घर होतं म्हणून बरं, नाहीतर हातांचं काय करावं कळलं नसतं. सोळा नावं संपली. आणि तेवढ्यात त्याच्या अगदी कानाशी रेल्वे आली, डबे मोजत, धडधडत.

पाहुण्यानं मान वळवली. शेजारी एक चिमणीएवढी म्हातारी बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. मिशी तर नव्हतीच.

त्यानं ओठ घट्ट दाबले. तीस वर्षांची थाप. आणि ती पकडून ज्याच्यासमोर नाचवायची, त्याची वात समोर जळत होती. त्यानं वर पाहिलं. मास्तरांचा आरसा बाईंनी आपल्या उंचीला फिरवून घेतला होता. त्यात बाकाचा एवढासा तुकडा दिसत होता, त्यात म्हातारी आणि राखाडी कोटातला एक माणूस.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण तिनं आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली, जरा सरकून घेतलं आणि उघडलेलं गीतपुस्तक अर्धं त्याच्या गुडघ्यावर टेकवलं.

आतून भात्यानं मोठा सुस्कारा टाकला. ताईंच्या हवेवर पुढचं गाणं नेहमीपेक्षा अर्धा सूर खाली सुरू झालं. मंडळी क्षणभर आपल्याच सुरात वर लटकत राहिली. मग एकेक आवाज खाली उतरला.